सायक्लिन असूनही विभाजन का थांबते? एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, सीडीके-१ या कायनेजचे (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराचे) पेशीतील प्रमाण संपूर्ण पेशीचक्रात जवळजवळ स्थिर असते, चढउतार होतो तो त्याला जोडले जाऊन सक्रिय करणाऱ्या सायक्लिन या प्रथिनाचा. म्हणून पेशीविभाजनाचे नियंत्रण कायनेजकडे आहे हे माझ्या लेखातील विधान चुकीचे ठरते. शिवाय फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांचा, म्हणजे फॉस्फटेजचा, मी उल्लेखही केलेला नाही.

प्रमाणाबद्दलचे आपले निरीक्षण अचूक आहे. जीवशास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ साली सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांत एक प्रथिन साचत जाऊन प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नष्ट होताना दिसले, आणि सायक्लिन हे नाव त्यावरूनच पडले. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात तर केवळ सायक्लिनची निर्मिती चालू ठेवली तरी चक्र फिरत राहते. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि तो मी लेखात द्यायला हवा होता.

तरीही निष्कर्ष मला पटत नाही, कारण विखंडनाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये विभाजनाच्या बऱ्याच आधी सायक्लिन कायनेजला जोडले गेलेले असते, आणि तरी पेशी विभागत नाही. वी-१ हे दुसरे कायनेज सीडीके-१ मधील पंधराव्या स्थानावरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडून त्याला निष्क्रिय ठेवते. सीडीसी-२५ हे विकर तो फॉस्फेट काढते तेव्हाच विभाजन सुरू होते. जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना १९७० च्या दशकात एडिंबरा येथे वी-१ बिघडलेल्या पेशी सापडल्या, त्या नेहमीच्या जवळपास निम्म्या आकाराच्या असतानाच विभागत होत्या. (स्कॉटिश बोलीतील ‘वी’ म्हणजे चिमुकले; नाव तिथून आले.) पुढे त्या एका टायरोसिनच्या जागी फॉस्फेट स्वीकारू न शकणारे फेनिलॲलनिन हे दुसरे अमिनो आम्ल बसवले, तेव्हाही पेशी अकाली विभाजनात शिरल्या. पेशी पुरेशी वाढली आहे का, डीएनएची प्रत पूर्ण झाली आहे का, या प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी एकवटतात ते ठिकाण कायनेजच्या रेणूवरच आहे. म्हणूनच मी नियंत्रण हा शब्द त्याच्या प्रमाणासाठी नव्हे, तर त्याच्या सक्रियतेसाठी वापरतो.

सक्रियतेची पातळीच किती निर्णायक आहे, हे २०१० सालच्या एका प्रयोगात फार सुंदर रीतीने दिसले. त्याच यीस्टमध्ये सायक्लिन आणि कायनेज एकमेकांना जोडून बनवलेल्या एकाच प्रथिनावर संपूर्ण चक्र चालू शकले: सक्रियता कमी असताना डीएनएची प्रत तयार होते, आणि ती पुरेशी वाढली की विभाजन होते.

फॉस्फटेजबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य. सीडीके-१ ने जोडलेले फॉस्फेट पीपी२ए-बी५५ हे फॉस्फटेज सतत काढत राहिले तर विभाजन टिकणारच नाही. त्यामुळे सीडीके-१ ‘ग्रेटवॉल’ या कायनेजला जागे करते, आणि ग्रेटवॉल लहान प्रथिनांमार्फत त्या फॉस्फटेजला रोखते. हा भाग मी लेखात जोडत आहे, आणि ‘कायनेज विभाजनाचा आदेश देते’ हे वाक्य बदलून ‘कायनेजची सक्रियता एका मर्यादेपलीकडे गेली की विभाजन सुरू होते’ असे करत आहे.