‘त्रस्त शेजारी, कांदिवली’ यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी ‘तक्रारखोर काका आणि आमचा बंडू’ लिहिलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बंडूच्या भुंकण्याची तक्रार घेऊन सेक्रेटरींकडे गेले, मी कमिटीपुढे प्राणी कल्याण मंडळाचं परिपत्रक ठेवलं आणि काका गप्प बसले, अशी ती माझी विजयगाथा. श्वानप्रेमी मंडळींनी खाली भरपूर टाळ्या वाजवल्या.

तुम्ही ती आत्ता वाचलीत आणि लिहिलंत, की तुम्हाला नाइट ड्युटी असते. सकाळी आठला घरी येऊन आडवं व्हावं, तर दहाच्या सुमारास शेजारचा कुत्रा सुरू होतो तो दुपारपर्यंत. तक्रार केली की मालकीणबाई म्हणतात, ‘आमचा तर कधीच भुंकत नाही हो.’ मग मला सुनावलंत: म्हाताऱ्या माणसाचं तोंड परिपत्रक दाखवून बंद केलंत, त्यात मिरवण्यासारखं काय? कुत्र्यांचं हे परदेशी फॅड आपल्या मुंबईत नव्हतं. एवढी हौस असेल तर बंगला घ्या, नाहीतर गावाला नेऊन सोडा. मोबाइलवर मोजलं तर ७८ डेसिबल भरलं, कायदा ५५ म्हणतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

यातलं काही मला मान्य आहे, काही अजिबात नाही. पण सगळ्यात जास्त लागलं ते तुमच्या त्या मालकीणबाईंचं वाक्य, कारण ते शब्दशः माझं आहे. ‘आमचा बंडू तर कधीच भुंकत नाही हो काका.’ दारात उभं राहून, हसतमुखाने, मी हे निदान चार वेळा म्हटलं असेन. आणि खरंच सांगते, खोटं बोलत नव्हते.

त्या पोस्टनंतर जे झालं ते मी इथे कधी लिहिलं नाही. लाज वाटली, दुसरं कारण नाही.

परिपत्रक प्रकरणानंतर काका सेक्रेटरींकडे गेले नाहीत. एप्रिलअखेरीस आमच्या सेफ्टी डोअरच्या जाळीत एक घडी केलेला कागद खोचलेला सापडला. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागच्या कोऱ्या बाजूला रेघ मारून दोन रकाने केलेले. सोमवार ९.२५ ते १०.०५. पुन्हा ११.४० ते ११.५०. मंगळवार ९.२० ते १०.१०. आठवडाभराचा हिशेब, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या अक्षरात. खाली ना सही, ना एक वाकडा शब्द. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता यांना खोटं पाडूनच दाखवते. जुना मोबाइल चार्जिंगला लावला, रेकॉर्डिंग सुरू करून फ्रिजवर ठेवला आणि ऑफिसला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडहून स्लो लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकायला बसले. आधी माझाच आवाज, ‘शहाण्यासारखा राहा हं.’ लॅचचा खटका. लिफ्टचं दार. मग काहीच नाही. नाहूर गेलं तरी काही नाही. मी मनात काकांना उत्तर जुळवायला लागले होते. भांडुपच्या आसपास लादीवर नखं वाजायला लागली. दारापर्यंत टकटक, परत आत टकटक, पुन्हा दारापर्यंत. मग दाराच्या फटीशी नाक लावून हुंगल्याचा आवाज, फुस्स-फुस्स. मग एक बारीक कुईं. आणि मग भुंकणं. तीन-चार वेळा भुंकायचा, थांबायचा, बहुतेक कानोसा घ्यायचा, पुन्हा तीन-चार. कुर्ला गेलं, शीव गेलं. दादर आलं तरी थांबला नव्हता.

मधेच कुठेतरी वरून, खोल विहिरीतून यावा तसा काकांचा आवाज आला. आधी एक चांगली ठेवणीतली शिवी. थोड्या वेळाने, त्याच आवाजात, ‘गप रे बंड्या. येईल ती. गप.’

वेळ तपासली. काकांच्या कागदाशी दोन-तीन मिनिटांचाही फरक नव्हता.

म्हणजे सहा वर्षं ज्याला मी दोन वेळचं जेवण घातलं त्या कुत्र्याचा दिवस कसा जातो, हे मला ठाऊक नव्हतं आणि काकांना होतं. मी घरात असताना तो भुंकायचा नाही, कारण मी घरात असायचे. त्यामुळे तुमच्या शेजारणीबद्दल एवढंच म्हणेन, की बाई लबाड असतीलच असं नाही. त्यांच्यासमोर तो कुत्रा गुणी बाळच असणार.

आता त्या विहिरीबद्दल, कारण तुमच्याही बिल्डिंगमध्ये ती असणार. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनींची कधी तक्रार नव्हती, आणि याचाच मी कमिटीत मुद्दा केला होता: भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना ऐकू येत नाही, मग वरच्यांनाच कसं येतं? उत्तर बाथरूममध्ये होतं. उन्हाळ्यात बंडू बाथरूमच्या गार लादीवर पडून असतो. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्या डक्टमध्ये पाइप, कबुतरं आणि वर्षानुवर्षांचा कचरा, आणि चारही बाजूंना नागड्या सिमेंटच्या भिंती. खाली शिंकलं तरी वर घुमतं. काकांच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच डक्टवर आहे. तेव्हा भिंतीला भिंत लागून असणं बिनकामाचं, डक्टला डक्ट लागून असणं महत्त्वाचं. बाथरूमचं दार बंद ठेवून जायला लागल्यावर पहिल्याच दिवशी फरक पडला, असं काकांनी सांगितलं. फुकटचा उपाय. सुचायला सहा वर्षं गेली.

भुंकणं मात्र दार बंद करून थांबत नाही. आमच्या डॉक्टरांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, हा घर राखत नाहीये, हा घाबरलाय. एकटं पडण्याची धास्ती असलेली कुत्री मालक गेल्यावर लवकरच सुरू होतात आणि त्यांची येरझार दाराशीच चालते. घर राखणारा कुत्रा लिफ्ट वाजली, कुरिअरवाला आला, की भुंकतो आणि मग शांत होतो. (काकांच्या कागदावरचं ११.४० ते ११.५० हे पाण्याच्या बाटल्यावाल्याचं होतं. ते वेगळं खातं.)

मग काय केलं? सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे माझ्या जाण्यातली हवा काढणं. किल्ल्यांचा जुडगा उचलायचा आणि सोफ्यावर बसून राहायचं. पर्स खांद्याला लावायची आणि भाजी चिरायला लागायचं. चपला घालून दाराबाहेर जायचं, दहा आकडे मोजून परत यायचं, काही न बोलता. मग अर्धं मिनिट, मग दोन, मग दूध आणण्याइतका वेळ. पॅसेजमध्ये चपला घालून नुसती उभी असलेली मी बघून शेजारच्या वहिनींनी दोनदा विचारलं, ‘लॅच लागलं का?’ पण सराव चालू असताना त्याला रोज अख्खा दिवस एकटं टाकलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून ते सुरुवातीचे आठवडे काही दिवस रजा, काही दिवस घरून काम, आणि उरलेले दिवस आईला डोंबिवलीहून बोलावून घेतलं. सकाळचं फिरणं दहा मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर नेलं. निघताना रबरी खेळण्यात दहीभात भरून, रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून, तो द्यायचा. चाटून संपवायला त्याला अर्धा तास लागतो, आणि तोच अर्धा तास मोलाचा. दुपारी कामवाल्या मावशी येतात त्यांना थोडे पैसे वाढवून त्याला खाली एक चक्कर मारून आणायला सांगितलं. अडीच महिने लागले.

जे केलं नाही तेही सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी ‘तोंडाला जाळी बांधा’ असं सुचवलंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतो. मुंबईच्या मे महिन्यात बंद घरात दिवसभर तोंड आवळून ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. शॉक देणाऱ्या पट्ट्याचंही तेच. घाबरून भुंकणाऱ्याला वर आणखी झटका दिलात तर भीती वाढेल की कमी होईल? आणि संध्याकाळी घरी येऊन ‘भुंकलास का रे दिवसभर?’ म्हणून ओरडण्याचा उपयोग शून्य. सकाळचं भुंकणं आणि संध्याकाळचं रागावणं यांची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही. त्याला एवढंच कळतं, की ही घरी आली की चिडलेली असते.

आता कायदा. इथे मला एक कबुली द्यायची आहे, जी तुम्ही मागितलेली नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या ज्या मार्गदर्शक सूचना मी कमिटीपुढे नाचवल्या, त्यात सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, हे आहेच. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे आणि ते सोसलं पाहिजे, हेही आहे. पण त्याला लागूनच असं आहे, की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांची शांतता बिघडते, तेव्हा मालकांनी कुत्र्याला शांत ठेवायचा प्रयत्न करावा, विशेषतः रात्री. मी पहिला भाग पिवळ्या मार्करने रंगवला होता. दुसऱ्यावर माझा अंगठा होता. काकांनी तो कागद हातात घेऊन पुरता वाचला असता तर मीटिंगचा निकाल वेगळा लागला असता.

तुमच्या ७८ डेसिबलचं मात्र मला पटलेलं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ही मर्यादा आहे, बरोबर. पण तो आकडा ठरावीक काळातल्या आवाजाच्या सरासरीचा असतो, एका ‘भौ’चा नव्हे. त्या हिशेबाने कुकरची शिट्टीही गुन्हेगार ठरेल. शिवाय मोबाइलमधलं अॅप हे काही तपासून प्रमाणित केलेलं यंत्र नाही. ७८ घेऊन पोलीस चौकीत गेलात तर चहा मिळेल, फार तर. तुमची झोप मोडते हे खरं आहे, आणि ते सिद्ध करायला डेसिबलची गरज नाही.

‘गावाला नेऊन सोडा’ यावर मी खरंच चिडले. फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा गावात सोडला तर तिथली कुत्री त्याला पहिल्या रात्री फाडतात. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे कायद्यालाही त्याचं किती वाटतं ते दिसतंच. त्याच कायद्यात कुत्र्याला आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि त्याला फिरवायला न नेणं हेही बसतं. हे मी माझ्याच बाजूच्या लोकांसाठी लिहितेय. बाल्कनीत बांधून ऑफिसला जाणारे आमच्यातच जास्त.

आणि परदेशी फॅड? बंडू गावठी आहे, मुलुंडच्या पाच रस्ता नाक्यावर एका रिक्षाखाली सापडलेला. आणि मुंबईतली कुत्र्यांवरून होणारी भांडणं तुमच्या-माझ्या सोसायटीपेक्षा जुनी आहेत. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, दंगल झाली. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा दवाखाना, एकोणिसाव्या शतकातलं. चाळींच्या जिन्याखाली कुत्री असायचीच. फक्त ती कुणा एकाची नसायची आणि एकटी नसायची. चाळीची दारं दिवसभर उघडी. आपण दारं बंद केली, कुत्रा आत ठेवला आणि कामाला गेलो. बंगल्याचं म्हणाल तर आमच्या वनरूम-किचनचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत.

तेव्हा तुमच्या शेजारणीबद्दल माझा सल्ला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे टाकलंत की तासाभरात दोन तट पडतात, कुणीतरी लिफ्टमधल्या शी-शूचा जुना विषय काढतं, आणि बाई तुमच्याशी बोलायची बंद होते. ‘तुमचा कुत्रा फार भुंकतो’ असंही म्हणू नका, त्यावर उत्तर ठरलेलं आहे. काकांसारखं करा. चार-पाच दिवस वेळा लिहून काढा आणि कागद द्या. तुमच्या खोलीतून एखादं रेकॉर्डिंग करा. सुट्टीच्या दिवशी, झोप झालेली असताना, बेल वाजवा. त्यांना म्हणा, एक दिवस मोबाइल घरात ठेवून जा. तुमची खिडकी कुठे उघडते आणि त्यांची कुठे, तेही एकदा दोघांनी मिळून बघा. एवढं करून त्या ढिम्म हलल्या नाहीत तर सेक्रेटरींना लेखी द्या. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दुसऱ्या सभासदांना उपद्रव होईल असं काही आपल्या घरात करू नये असं आहे, त्याचा आधार घ्या. तेव्हा मी तुमच्या बाजूने असेन.

जुन्या पोस्टमधलं ‘तक्रारखोर’ मी काल काढलं. काकांना विचारून नवीन काय नाव द्यायचं ते ठरवणार होते. ते म्हणाले, ‘तक्रार करत होतोच की मी, राहू दे.’ पण काढलंय. बंडू अजूनही भुंकतो, मुख्यतः पाण्याच्या बाटल्यावाल्यावर, आणि रविवारी भंगारवाल्याच्या आरोळीवर. काकांचा मेसेज येतो, ‘११.४२ ते ११.४५. बाटल्या.’

आणि हो, तुमच्या शेजारणीने रेकॉर्डिंग केलंच तर त्यांना आधी सांगून ठेवा, सुरुवातीची चार-पाच मिनिटं नुसती शांतता असेल. तेवढी ऐकून बंद करू नका म्हणावं.