नाक चकाकतंय तर चकाकू द्या

लेख आवडला, पण लोकांचे हात लागून झिजू नयेत म्हणून चौकातल्या लाडक्या शिल्पांभोवती रेलिंग घालायची त्यातली सूचना काही पटली नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाजारातलं ‘पोर्चेल्लिनो’ बघा. कांस्याचं रानडुक्कर, अंग काळपट तपकिरी, नाक मात्र पिवळंधमक, कारण येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवतो. पिएत्रो ताक्काने १७व्या शतकात घडवलेलं मूळ शिल्प संग्रहालयात सुखरूप आहे, बाजारात बसलीय ती प्रतिकृती. हात लागून धातू झिजतो, कबूल. मला खरी धास्ती उत्साही साफसफाईवाल्यांची वाटते! कांस्यावरचा तो काळसर-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे हो, हवा-पाण्याने कांस्यातल्या तांब्यावर चढलेलं कवच असतं ते. घासून काढलं की गेलं. त्यावर कुणी सोनेरी ऑइलपेंट मारला तर मग बोलायलाच नको. अधूनमधून मेणाचा पातळ हात दिला तरी पुरतं.