लाल पेनाचं गणित

नमस्कार. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गात मुलं फार असतात, या माझ्या मागच्या लेखावर ‘बारा वर्षं शाळेत काढूनही ज्यांना धड परिच्छेद लिहिता येत नाही, त्यांच्याकडून कॉलेजने पहिल्या वर्षी व्याकरण घोटून घ्यावं, तुम्ही नुसतं वर्गसंख्येचं रडगाणं गाताय,’ असं तुम्ही लिहिलंत. रडगाणं हा शब्द झोंबला, पण थोडा खराही आहे. लेखनाचा तास आमच्याकडे तासिकेवर आलेल्या सर्वांत नवख्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि विभागाच्या बैठकीत मीही गप्प बसतो. मागच्या लेखात हे यायला हवं होतं.

व्याकरणाचं मात्र पटत नाही. गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जाऊन पडतात. तिथून पुढे निबंध पाठ करून उतरवला की भागतं. गाळलेल्या जागा ती बिनचूक भरतात हो!

तिसवाडी तालुक्यातल्या एका मुलीने पहिल्या खेपेला पर्यावरणावर इंग्रजीत पानभर लिहिलं. चूक एकही नाही, सांगण्यासारखंही काही नाही. मी समासात एवढंच विचारलं, तुझ्या घरामागे काय आहे? दुसऱ्या खेपेला खाजन आलं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेची, लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, कोरगूट हे खाजनातलं भात गेलं. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव तेवढा चुकला नाही. इज-आरची गल्लत सात ठिकाणी होती. तुम्ही कोणतं पान पुढे पाठवाल?

त्या एका प्रश्नासाठी आधी पान वाचावं लागतं. वर्गात ६० मुलं. एका मसुद्याला १५ मिनिटं धरा, म्हणजे १५ तास. दोन मसुद्यांचे ३०, सत्रात चार लेखनं म्हणजे १२० तास. असे वर्ग मला दोन आहेत. अमेरिकेत हार्वर्डने पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग १८८५ साली सुरू केला; तिथल्या लेखनशिक्षकांची संघटना म्हणते, वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नकोत, जमल्यास १५. तिथेही ते सगळीकडे पाळलं जात नाही, हा भाग वेगळा.

म्हणून यंदा चाराऐवजी दोनच लेखनं ठेवली आहेत, पण दोन्हींचे मसुदे तीन-तीन. पहिल्या गठ्ठ्यातले ४१ अजून टेबलावर आहेत. पणजीत असाल तर शनिवारी या, दहा तुम्ही तपासा. पेन मी देतो.