राजापुरी पिवळा

ज्या बँडवर आपण चोवीस वर्षे एकट्याने प्रेम केले, त्याला पहिल्यांदा समोरासमोर पाहायला जावे आणि तिथे आपल्याआधी चाळीस-पन्नास हजार माणसे त्याच हक्काने हजर असावीत, हा प्रसंग माझ्यावर २१ जानेवारी २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ओढवला. बँडचे नाव कोल्डप्ले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे माझ्या पत्नीपासून मालकांपर्यंत सर्वांनी मला विचारून झालेले आहे, त्यामुळे वाचकांनी ती तसदी घेऊ नये.

२००१ साली मी पुण्यात शिकत असताना खोलीतल्या मित्राने मला या लंडनकर मंडळींच्या पहिल्या अल्बमची, म्हणजे आदल्या वर्षी निघालेल्या 'पॅराशूट्स'ची, कॅसेट ऐकवली आणि परीक्षेच्या गडबडीत ती परत मागायला तो विसरला. कॅसेटचे कव्हर मात्र त्याच्याकडेच राहिले, आणि या तपशिलाचे परिणाम मला पुढे भोगावे लागले. ती कॅसेट घेऊन मी सांगलीला परतलो. त्यानंतर कित्येक वर्षे सांगली, मिरज आणि कुपवाड ही तिन्ही गावे मिळून कोल्डप्लेचा श्रोता मी एकटाच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या गावच्या माणसाला आपल्या अभिरुचीविषयी थोडाफार अहंकार असतोच. माझा अहंकार कॅसेटमध्ये होता. संध्याकाळी कानाला वॉकमन लावून, आयर्विन पुलाच्या कठड्यापाशी उभा राहून, डोळे मिटून मी ती गाणी ज्या तल्लीनतेने म्हणत असे, ती पाहून दोन वेळा अनोळखी सज्जनांनी माझा दंड धरून मला कठड्यापासून दूर नेले आणि काय असेल ते घरी बसून बोला, असे समजावले.

अशा एकनिष्ठ माणसाने २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तिकिटासाठी मोबाईल उघडला, तेव्हा त्याच्यापुढे रांगेत चार लाख बासष्ट हजार माणसे उभी होती. चोवीस वर्षांत माझ्यापुढे एकही माणूस नव्हता, हे त्या रांगेला कसे सांगणार? पहिल्या दोन दिवसांची तिकिटे संपली, त्याच दुपारी तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, आणि पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याने कोणत्या तरी अगम्य चलाखीने माझ्यासाठी दोन तिकिटे पदरात पाडली. एकाला ६,४५० रुपये, तेही उभ्याने. हा आकडा ऐकून पत्नी म्हणाली, "रेशनच्या रांगेत मी फुकट उभी राहते." दुसरे तिकीट तिने तत्काळ आपल्या वडिलांच्या नावे वर्ग केले. धाकट्या मुलीकडे नेरुळला त्यांना तसेही जायचेच होते, असा हिशेब तिने मांडला.

रजेचा प्रश्न त्याहून बिकट निघाला. मुंबईला बँडसाठी जायचे आहे, असे मी मालकांना सांगितले, तर ते म्हणाले, "लग्न कुणाचं हाय?" बँड वरातीचा नसून गाण्याचा आहे, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी या बँडचे सर्वांत गाजलेले गाणे पिवळ्या रंगाच्या नावाचे आहे, असे मी म्हणताच मालकांचा चेहरा खुलला. "पिवळ्यावर? मग आपल्याच लायनीतला माणूस की. जाऊन या."

माझे सासरे, ज्यांना मी आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मामा म्हणतो, मिरजेचे. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांना दोनच व्यसने उरली: तपकीर आणि गाणे. गाणे म्हणजे अर्थात मिरजेचे गाणे. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी मैफल होते, ती त्यांनी समज आल्यापासून चुकवलेली नाही. ज्या गावात भोपळ्याचे तंबोरे घडवून देशभर पाठवले जातात, त्या गावच्या श्रोत्याला घेऊन मी परदेशी बँडला निघालो होतो. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बाकावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तंबोरा कोण धरणार हाय?" तंबोरा नसतो, असे मी सांगितल्यावर ते कल्याण येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्या मनाची काहीशी तयारी झाली ती नेरुळला पोहोचल्यावर, जेव्हा मेव्हणीने सांगितले की आधीच्या एका कार्यक्रमात ख्रिस मार्टिन, म्हणजे बँडचा मुख्य गायक, लोकांशी चक्क मराठीत बोलला. "म्हंजे घरंदाज दिसतोय," मामा म्हणाले.

प्रवेशद्वारावर मेव्हणीने बांधून दिलेल्या दशम्या आणि मामांची तपकिरीची डबी अशा दोन वस्तू जप्त झाल्या. दशम्यांचे मामांना काही वाटले नाही, परंतु डबीची त्यांनी पावती मागितली. पस्तीस वर्षे ज्याने पावतीशिवाय कोणाकडून एक रुपया घेतला नाही, त्याला पावतीशिवाय काही देणे जमेना. मागची रांग वाढत गेली आणि अखेरीस तपासणीच्या मुलाने एका कागदाच्या कपट्यावर 'डबी १' असे लिहून सही करून दिली. पुढे आम्हाला मनगटात घालायचा एक पांढरा पट्टा आणि पुठ्ठ्याचा एक चष्मा मिळाला. पट्टा दूरवरच्या इशाऱ्यावर पेटतो, चष्म्यातून प्रत्येक दिव्याच्या जागी बदाम दिसतो, आणि पट्टा जाताना परत करायचा असतो. कोणत्या शहराने किती टक्के पट्टे परत केले, याचा हिशेब हा बँड ठेवतो आणि जाहीरही करतो, हे मी मामांना बजावून सांगितले. प्रत्येक तिकिटामागे ते एक झाड लावतात, हेही सांगितले. "मग रोप इथंच द्यायचं होतं," मामा म्हणाले, "जाताना पिशवी मोकळीच हाय."

उभ्याच्या तिकिटाचा अर्थ मला आत गेल्यावर कळला. आमच्याजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे होती; जमिनीत खोल खड्डा, त्यात पोती खाली रिती करून हळद भरायची आणि वरून तोंड असे बंद करायचे की आत वारा शिरता कामा नये. २००५ च्या महापुराने त्या पेवांची वाताहत केली, परंतु त्यांत हळकुंडाला काय वाटत असेल, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने उभ्याचे तिकीट काढावे. दुपारी तीनपासून आम्ही उभे होतो. माझ्यापुढे सहा फुटांचा एक तरुण होता आणि त्याच्या खांद्यावर त्याची मैत्रीण होती, म्हणजे एकूण साडेआठ फुटांचा अडसर. रंगमंचाच्या दिशेला मला दिसत होती ती फक्त तिच्या बुटांची नाडी. बँडच्या आधी गायिका जसलीन रॉयल गाऊन गेली, ती मी त्या नाडीसकट ऐकली. पाय भरून आले, घसा कोरडा पडला, आणि पाणी आणायला जावे तर परत येता येणार नाही, म्हणून मी तहान आवरून उभा राहिलो. मामा मात्र ताठ. धावत्या गाडीत ज्याचा जन्म उभ्याने गेला, त्याला थांबलेल्या जमिनीचे काय कौतुक?

माझी ती अवस्था पाहून त्यांनी माझा हात धरला, छाती पुढे काढली आणि केवळ जनरलच्या डब्यात कमावता येतो अशा आवाजात म्हणाले, "चला, सरका, पुढं सरका, वाट द्या." काय सांगावे! ती गर्दी दुभंगली. बहुतेकांचा हात नकळत खिशाकडे गेला, आणि एका मुलाने तर आपले तिकीट मोबाईलवर उघडून मामांना दाखवले. मामांनी ते नीट पाहून परत दिले. पाच मिनिटांत आम्ही रंगमंचापासून इतक्या जवळ पोहोचलो की ख्रिस मार्टिनच्या शर्टाचा रंग मला पडद्याच्या मदतीशिवाय दिसला असता.

आणि ते चौघे आले. त्या क्षणी मला जे व्हायला हवे होते ते झाले नाही. मला राग आला. पहिल्या सुरापासून आजूबाजूची वीस-बावीस वर्षांची पोरे ती गाणी तोंडपाठ म्हणू लागली. त्यांच्यातली निम्मी त्या कॅसेटच्या वेळी जन्मलेलीही नव्हती. घरच्या देव्हाऱ्यातला देव जत्रेत पाहिल्यासारखे मला झाले. आता आपण जुने भक्त आहोत हे निदान आवाजाने तरी सिद्ध करावे, या हट्टाने मी त्यांच्याहून मोठ्याने गाऊ लागलो. इथे ते कव्हर नडले. शब्द छापलेला कागद मित्राकडे राहिल्यामुळे चोवीस वर्षे मी कानाला जे आले तेच म्हणत होतो, आणि हजारो लोक एकच ओळ म्हणत असताना आपण दुसरीच म्हणतो आहोत, हे लपत नाही. शेजारच्या मुलीने अतिशय आदराने विचारले, "काका, हे मराठी व्हर्जन आहे का?"

मी गप्प झालो. मामांनी पुठ्ठ्याचा चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणा की," ते म्हणाले. "ख्यालातले शब्द तरी कुणाला कळत्यात? सूर लागतोय नव्हं?"

मग 'येलो' सुरू झाले, आणि सगळ्या स्टेडियममधले पट्टे एकदम पिवळे झाले. खालपासून वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत पिवळे. मी आयुष्यात पुष्कळ पिवळे पाहिले आहे. राजापुरी हळदीच्या हंगामात आमच्या यार्डात माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या असतात. पण हे पाहून माझा गळा दाटून आला, आणि चोवीस वर्षांनी पहिल्यांदाच मी त्या गाण्यात एकही शब्द न म्हणता उभा राहिलो. मामा बराच वेळ चौफेर पाहत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, राजापुरीच की ही!" आणि क्षणभराने, "काल काय दरानं सुटली?"

ज्या गाण्यासाठी मी बारा हजार नऊशे रुपये मोजले होते, ते ऐन रंगात असताना मी त्यांना आदल्या दिवशीचा क्विंटलचा दर सांगितला. कमाल आणि किमान, दोन्ही. सांगून संपले तेव्हा गाणेही संपले होते.

रात्री मेव्हणीच्या घरी मामांनी कुडत्याची बाही वर केली, तर पट्टा मनगटातच. बाहेर पडताना मामा आपली पावती घेऊन डबी सोडवायला गेले होते, आणि त्या गडबडीत दोघांच्याही लक्षात आले नाही. डबी मिळाली होती. सांगली जिल्ह्यामुळे मुंबईचा टक्का घसरला, या विचाराने मला झोप लागली नाही. पट्टा कुरिअरने पाठवायचा तर पत्ता कोणाचा लिहायचा, यावर आमची सांगलीपर्यंत चर्चा झाली.

त्यानंतरच्या उरुसात मी मामांबरोबर दर्ग्यात बसलो होतो. मध्यरात्र उलटलेली, तंबोरे जुळलेले, विलंबित ख्याल चाललेला. गायक समेवर आला तशी लोकांनी मान डोलावली, आणि मामांनी हळूच डाव्या हाताची बाही मागे सारून पट्ट्याकडे पाहिले. पट्टा पेटला नव्हता.

माझी नजर गेलेली पाहून ते म्हणाले, "रात्र अजून लई हाय," आणि बाही पुन्हा खाली ओढली.