मेल क्लायंट काढू नका

एका लेखात म्हटलंय की हल्ली सगळे ब्राउझरातच मेल बघतात, मग लिनक्सात (विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) थंडरबर्ड हा मेल क्लायंट, म्हणजे मेल बघायचा वेगळा प्रोग्रॅम, आधीपासून टाकलेला कशाला. अहो, आमच्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्यात लाईट गेली की मागोमाग नेटबी जातंय, तेव्हा ब्राउझर उघडून काय बघणार? थंडरबर्डात आयमॅपनं (सर्व्हरवरच्या मेलशी जुळवून ठेवायची पद्धत) खातं जोडलं की मेल कॉम्प्युटरवर उतरून राहतात, सोसायटीकडनं आलेली कन्नड पीडीएफ नेट नसताना लॅपटॉपवर उघडता येते आणि शेजारच्या कन्नड येणाऱ्या पोरीकडनं वाचून घेता येते. उबुंटूनं (लिनक्सचाच एक प्रकार) २०११ मध्ये ११.१० या आवृत्तीला इव्होल्यूशन हा आधीचा मेल क्लायंट काढून थंडरबर्ड दिलं ते बरोबरच होतं की. नको असेल त्याला काढायला एक कमांड पुरे, पण नवीन माणसाला असलं काही असतंय हेच ठाऊक नसतंय बघा, तो शोधणार कुठनं?