खुलासा : तायक्वाँदोचे 24 तुल दोन हजार वर्षांपूर्वीचे नाहीत

तायक्वाँदोच्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे : आयटीएफचे (आंतरराष्ट्रीय तायक्वाँदो महासंघाचे) 24 तुल, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, दोन हजार वर्षांपूर्वी कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्याच्या ह्वारांग या तरुण वीरांनी रचले, म्हणून अर्थ न विचारता ते घोकावेत.

हे खरं नाही. हे तुल विसाव्या शतकातले, कोरियन सैन्यातले जनरल चोई होंग ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेले. ‘तायक्वाँदो’ हे नावच मुळी 1955 चं. जुंग-गुन हा तुल कोरियन स्वातंत्र्यसैनिक आन जुंग-गुन यांच्या नावाचा. त्यांना 1910 मध्ये फाशी झाली. तुलातल्या 32 हालचाली म्हणजे कोरियन मोजणीने त्यांचं तेव्हाचं वय. मग प्राचीन वीरांनी तो रचला कसा? घोटाळा बहुधा ‘ह्वा-रांग’ या तुलाच्या नावामुळे झाला असावा. नाव जुनं, पण त्याच्या 29 हालचाली चोईंच्या 29व्या पायदळ डिव्हिजनची आठवण आहेत. (ऑलिंपिकवाल्या तायक्वाँदोतल्या अशा क्रमांना पूमसे म्हणतात; ते वेगळे, तेही आधुनिकच.)

राहिलं घोकणं. नुसतं घोकून चूक सुटत नाही. तुल जिथे सुरू होतो तिथेच संपायला हवा. चोन-जी या पहिल्या तुलाच्या 19 हालचालींत शेवटी एक पाऊल पुढे, दोन मागे. मुलं मागची पावलं आखूड टाकतात आणि जागा चुकते. अशा वेळी ‘पुन्हा कर’ ओरडून काही होत नाही. वॉकिंग स्टान्सची (पाऊल पुढे टाकून उभं राहण्याच्या पवित्र्याची) लांबी खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट, रुंदी खांद्यांइतकी. खडूने जमिनीवर आखून द्या आणि फक्त शेवटच्या तीन हालचाली करून घ्या.