महरेझ थेट गल्लीतून लेस्टरला गेला नव्हता

सांगलीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पालकांमध्ये मेसेज फिरतोय: 'रियाद महरेझ कुठल्याही क्लबात न जाता गल्लीतून थेट लेस्टरला गेला.' हे चूक आहे. महरेझ हा अल्जीरियाचा फुटबॉलपटू, लेस्टर हा इंग्लंडमधला क्लब. पॅरिसजवळच्या सार्सेलमध्ये तो स्थानिक क्लबात वाढला. 2009 मध्ये कँपेर, 2010 मध्ये ल हाव्र, हे दोन्ही फ्रान्समधले क्लब. तिथेही आधी राखीव संघात. जानेवारी 2014 मध्ये लेस्टरने घेतला, तेव्हा लेस्टर दुसऱ्या श्रेणीत होता. लेस्टरचं 2016 चं प्रीमियर लीगचं (इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीचं) विजेतेपद त्यानंतरचं. मधली ही वर्षं गाळणं मला फार खटकतं. शिवाजी स्टेडियमवर महरेझसारखा उजव्या बगलेतून आत वळून डाव्या पायाने मारणारा पोरगा परवा विचारत होता, 'सर, मग क्लब सोडू का?' नको रे बाळा.